औषधाची वेळ

—नाही, खरंच चांगलं वाचलंस, तोंडावर गोड बोलायची मला सवय नाही. माइक बंद केलाय, बोल मोकळेपणानं, हे भजन लांबलचक आहे. तू म्हटलं तर चालेल ना? गाण्याचा क्लास घेतेस म्हणे — म्हणूनच श्वास कुठे सोडायचा ते कळतं तुला. याआधी आलेल्या एकजात भक्तीनं इतक्या ओथंबलेल्या, की देवालाही पडसं व्हावं. परत पाठवल्या. आपल्या रेडिओचे मालक, शेठ, वैतागलेत — म्हणतात, बाई, नोकरी सोडायचीय तुम्हालाच, आणि बदलीच्या बायकांना नाकं मुरडताय तुम्हीच.

सोडायचीय म्हणजे काय, सोडायचीच आहे. मी मूळची बातमीदार. मी प्रश्न विचारायला उभी राहिले की नगराध्यक्ष पाणी मागायचे — आणि आता? आता मी 'श्रोतेहो, मन प्रसन्न ठेवा' म्हणते. या खोलीत, जिला खिडकी नाही, भिंतींना गाद्या ठोकल्यात, आणि पंख्याची घरघर देवाच्या नावात मिसळते म्हणून तोही बंद. कालवा फुटून अर्धी वस्ती पाण्यात होती, त्या सकाळीसुद्धा मी इथे निरूपण वाचत होते. शेठना म्हटलं, निदान रस्ता बंद आहे एवढं तरी सांगू द्या. तर म्हणाले, आपण अशुभ बोलत नाही. आता जुन्या संपादकांनी परत बोलावलंय, दुसऱ्या शहरात, बातम्यांवर. सोमवारी हजर व्हायचं. नाही गेले तर दुसरा माणूस घेतील — का घेऊ नये त्यांनी?

मग घोडं अडलंय कुठे? बाबांपाशी. तू म्हणशील, हिनं मला मुलाखतीला बोलावलं की रडगाणं ऐकायला. पण आरतीनंतरचं ते वाक्य वाचलंस ना मघाशी — 'प्रसाद घ्या, आणि आता आपापली औषधं घ्या' — ते बाबांसाठी आहे. बाबा मला ओळखत नाहीत. मी गोळ्या पुढे केल्या तर विचारतात, आपण कोण, कुणाकडे आलात? वहिनीच्या तर हातावर फटका मारतात. पण रेडिओतली बाई म्हणाली की लगेच तळहात पुढे. म्हणून मी ते वाक्य घुसडलं. आता अर्धं गाव त्यावर गोळ्या गिळतं, आणि शेठनी मागे एका औषधवाल्याची जाहिरात चिकटवलीय — पुण्याचं पुण्य, धंद्याचा धंदा. काय? रेकॉर्ड करून ठेवायचं? ठेवलं होतं. रेकॉर्डमधली मी म्हणाले, आज गारठा आहे, कान झाका — बाबांनी खिडकीतून रणरणतं ऊन बघितलं आणि म्हणाले, ही बया थापा मारते. सगळ्या गोळ्या थुंकून टाकल्या. माणूस सगळं विसरलाय, पण थाप ओळखतो — अखेर बातमीदाराचा बाप.

दादा म्हणतो, तू जा, आम्ही बघू. काय बघणार आहेत? माझ्याशिवाय तिथलं पान हलत नाही — म्हणजे माझ्या आवाजाशिवाय, माझं सोड. म्हणून तर आज तुला चाचणी म्हणून सांगितलं आणि थेट लाइव्ह वाचायला लावलं. रागावू नकोस. एकदा कळू दे ना सगळ्यांना. बाबा काही घ्यायचे नाहीत गोळ्या, लिहून देते तुला, परक्या आवाजाला ते — थांब, वहिनीचाच फोन.

हं, बोल — हो, आज दुसरी होती — घेतल्या? सगळ्या? — ती कडूसुद्धा? — नाही गं, चांगलंच आहे की — काही म्हणाले? म्हणजे, ती रोजची कुठे गेली, असं काही? — बरं — अगं हो, आनंदच झालाय मला, ऐकतेय ना मी — ठेवते.

काय म्हणत होते मी? हां, आवाज. तुझा आवाज जरा पातळ पडतो गं, भक्तीला वजन लागतं. शेठना तसंच कळवते. मघाशी छान म्हटलं ते — ते आपलं तुला धीर यावा म्हणून. अजून दोघी-तिघी यायच्या आहेत, घाईनं ठरवून कसं चालेल? अशी बघू नकोस माझ्याकडे. सोमवारचं मी बघेन, तो तुझा विषय नाही. क्लासची वेळ झाली असेल ना तुझी. नीघ. आणि चपला बाहेर जाऊन घाल, इथे वाजतात.