एक किलोचं दळण

नाही, पण मला सांगा, ‘एवढंसंच?’ असं कुणी विचारतं का हो? मी पिशवी पुढे केली, गिरणीवाल्याने ती एका बोटावर टांगली, जरा हलवून बघितली आणि सगळ्यांच्या देखत... ‘एवढंसंच?’ थांबा. आधी माफी मागायची राहिली. हे मी लिहून आणलंय, कारण चार माणसं समोर दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळा लवकर सुटली माझी, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते अजून कळत नाही, पण वाचून मीच दाखवणार असल्यामुळे चुका तुम्हाला दिसणार नाहीत, हे एक बरं आहे. शब्दही साधेच आहेत. जिथे जड शब्द लागला असता तिथे मी ‘ते हे’ असं लिहिलंय, समजून घ्या.

तर तुम्हाला सांगतो, मी खुर्च्यांना रेक्झिन चढवतो. फोम कापायचा, लाकडावर बसवायचा, वरून रेक्झिन ताणून खिळे ठोकायचे. कारखान्यात माणसं भरपूर आहेत, पण बोलणं नाही. का? तर तोंडात खिळे! बारीक खिळे असतात, ते चिमूटभर तोंडात ठेवायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला लावायचा आणि ठोकायचा. आता तोंडात खिळे असल्यावर माणूस काय बोलणार? मिस्त्री विचारतो, ‘ऊं?’ मी म्हणतो, ‘हं.’ झाल्या दिवसभराच्या गप्पा. आणि संध्याकाळी खिळे काढून डबीत टाकले की सगळे घाईघाईने आपापल्या घरी बोलायला जातात. मी खोलीवर जातो.

खोलीत पूर्वी लंबू असायचा. माझा जोडीदार. उंच म्हणून लंबू. बोलून बोलून डोकं खायचा, दात घासतानासुद्धा बोलायचा, मी म्हणायचो, अरे बाबा, जरा गप बस. तो काही गप बसला नाही, लग्न करून गेला. जाताना आपला छोटा ओव्हन ठेवून गेला, म्हणाला, ‘हिच्याकडे मोठा आहे, हा राहू दे तुला.’ आता ओव्हन काय बोलणार? वेळ संपली की ‘टिंग’ करतो. पण ते ‘टिंग’ ऐकायचं तरी आधी त्यात काहीतरी ठेवावं लागतं.

अशात एका संध्याकाळी मोबाइलवर पाव करून दाखवणारा एक दाढीवाला दिसला. ‘नमस्कार मित्रांनो,’ म्हणाला. तुम्ही हसाल, पण मी ‘नमस्कार’ म्हटलं. ‘मित्रांनो, ताज्या दळलेल्या पिठाच्या पावाची सर कशालाच नाही, घरी करा आणि आपल्या माणसांना खाऊ घाला.’ मग त्याने तो गव्हाचा पाव कापला, आणि टेबलाच्या चारी बाजूंनी हात आले. लहान, मोठे, सुरकुतलेले, एक अंगठीवाला. चेहरे नाहीत, नुसते हात, आणि बघता बघता पाव गायब. तेवढा भाग मी मागे नेऊन नेऊन बघितला. पाव करतात कसा, तो भाग एकदाच बघितला. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

खरं सांगू? मला पाव खायचा नव्हता. मला तो कुणाबरोबर तरी खायचा होता. एक माणूस असतं तरी चाललं असतं.

तर कृती बघितली: ‘सहा ते आठ जणांसाठी’. यीस्टचं पाकीट आणलं, त्यावर लिहिलेलं, ‘फोडल्यावर सगळं एकदम वापरा’. पावाचा साचा आणला तर एवढा लांब, की बाळाचा पाळणा वाटावा. सगळं मेलं कुटुंबाच्या हिशोबाने! एकट्याचं माप कुठे मिळतं, तुम्हीच सांगा. शेवटी धान्याच्या दुकानातून किलोभर गहू आणला, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बसून निवडला, आणि सकाळी गिरणीत जाऊन उभा राहिलो. तिथे ते... ‘एवढंसंच?’

गिरणीवाले काका म्हणजे भुवयांपर्यंत पांढरे. म्हणाले, ‘अरे, एवढं तर माझे दगडच खाऊन टाकतील. मोटर चालू करायची, आधीचा मका निघू द्यायचा, मग वरून तुझा हा गहू टाकायचा, आणि खाली येणार काय? एक शिंक. घरात माणसं किती?’

‘मी.’

‘मी म्हणजे किती?’

मी माझ्याकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, ‘मग असं कर, त्या बाकावर बस. कुणी गहू घेऊन आलं की त्यांच्या मागोमाग तुझा टाकतो. एकट्यासाठी गिरणी नाही चालत बाबा.’ बघा! म्हणजे पीठ हवं असेल तर आधी दुसऱ्या माणसाची वाट बघा. एकट्याचं माप कुठे मिळतं, सांगा!

बसलो. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवशी गावाने जणू गहू सोडलाच होता. एक आला, मका. एक आली, हरभरा. कोपऱ्यावरचा शिंपी आला, तोही मकाच. मी प्रत्येकाच्या पिशवीत असा वाकून बघतोय, जणू जकातनाक्यावर बसलोय. पण एक गोष्ट मान्य करतो, बाकावर बोलायला कुणाला विचारावं लागत नाही. शिंपी बसला आणि मला काहीही न विचारता आपल्या गुडघ्याची सगळी गोष्ट सांगायला लागला, कसा दुखायला लागला, कुणाकुणाला दाखवला, डॉक्टर काय म्हणाला, त्याला हा काय म्हणाला... गिरणीच्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी मी मान हलवत होतो. फार बरं चाललं होतं.

मग एकदाच्या एक मावशी आल्या. कमरेवर ही मोठी पिशवी, आणि आत... गहू. मी उभाच राहिलो हो, पाहुणे आल्यासारखा. काकांनी त्यांचा गहू वरच्या नरसाळ्यात ओतला, तो संपत आल्यावर माझा ओतला, आणि मधेच शिंप्याला विचारलं, ‘मग डॉक्टर काय म्हणाला?’ झालं. शिंपी डॉक्टरच्या आवाजात बोलायला लागला, काका ऐकत राहिले, आणि खाली पिशवी बदलायची राहून गेली. माझं सगळं पीठ मावशींच्या पिठात.

‘अहो, हे काय केलंत?’ मावशी म्हणाल्या. ‘माझा गहू धुऊन वाळवलेला. या मुलाचा कुठला, कसा, देव जाणे. काय रे, निवडला होतास का?’

मी तोंड उघडलं, पण सवयीने ‘हं’च निघालं.

‘हं काय हं? खडे निघाले का?’

‘निघाले.’

‘टाकलेस?’

‘नाही. खिडकीत ठेवलेत.’

‘खिडकीत? कशाला?’

आता कशाला ते मलाही माहीत नव्हतं. कष्टाने काढलेले, टाकवेनात. मावशी हसायलाच लागल्या, हसता हसता पदराने चेहऱ्यावरचं पीठ पुसलं, आणि भांडण तिथेच संपलं. काकांनी काटा घेतला आणि मला किलोभर मोजून दिलं. मी विचारलं, ‘पण यातलं माझं कुठलं?’ तर म्हणाले, ‘पिठावर नाव असतं का रे?’ म्हणजे बघा, माझ्या पिशवीत त्यांचं पीठ आणि त्यांच्या घरी माझं. कुणाच्या तरी जेवणात आज मी थोडासा असणार, असं काहीतरी मनात आलं. जड शब्द असता तर नीट सांगितलं असतं. ते हे वाटलं, एवढं समजा.

जाताना मावशी म्हणाल्या, ‘एवढ्याशा पिठाचं करणार काय?’ म्हटलं, ‘पाव.’ ‘घरी? यापूर्वी केलायस?’ ‘नाही.’ ‘बरं, झाला की आण हो एकदा. बघू तरी, आमच्या पिठाचा कसा होतो.’

आण हो एकदा! आता तुम्ही म्हणाल, अरे वेड्या, असं माणसं बोलतात, बोलायचं म्हणून. मला काय कळत नाही? कळतं. पण ज्याला रोज कुणीतरी ‘ये’, ‘आण’, ‘बस’ म्हणतं त्याने ते सोडून द्यावं. मला तेवढं परवडत नाही. मी तो हुकूमच मानला.

आणि इथे घोटाळा झाला. दाढीवाला म्हणाला होता ना, ‘ताजं’ पीठ? गिरणीतून पीठ येतं ते गरम असतं, ताप आलेल्या कपाळासारखं. मला वाटलं गरम म्हणजेच ताजं, गार झालं की शिळं! मी पिशवी छातीशी धरली आणि जवळजवळ पळत सुटलो. लोक बघत होते. बघू देत. एक सांगतो, इतकं ऊबदार काही छातीशी धरून मी बऱ्याच दिवसांत चाललो नव्हतो. जिन्यापाशी पोचल्यावर जरा वाईटच वाटलं, इतक्या लवकर खोली आली म्हणून.

वर गेलो आणि गरम पिठात गरम पाणी घातलं. यीस्टचं अख्खं पाकीट घातलं, उरलेलं ठेवणार कुणासाठी? मळायला घेतलं तर घट्ट, रेक्झिनसारखं. पाणी घातलं, आणखी प्यायलं. पुन्हा घातलं, तर एकदम सगळं हाताला चिकटलं, कोपरापर्यंत, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. लंबूचा! कित्येक आठवड्यांनी फोन, आणि माझे दोन्ही हात कणकेत. मी नाकाने फोन उचलायचा प्रयत्न केला, नाकाने तो बंद झाला. मागून लावला तर त्याने उचलला नाही. जाऊ दे.

दाढीवाला म्हणाला होता, पीठ दुप्पट होऊ द्या. मी आंघोळ करून येईतो ते परातीतून उतरून ओट्यावर चाललं होतं. मी त्याला हाताने परत आत ढकललं, तर ‘फुस्स’ करून बसलं, पंक्चर झाल्यासारखं. पुन्हा उठलंच नाही. मी झाकण ठेवलं, झाकण काढलं, जवळ बसलो, ‘ऊठ की’ म्हटलं... नाही. शेवटी तसंच साच्यात घालून ओव्हनमध्ये ठेवलं. वास मात्र असा सुटला, की जिन्यातून जाणारं कुणीतरी आमच्या दाराशी थांबलं. मी ऐकलं, पावलं थांबली. मी दार उघडायला उठलो, तोवर पावलं वर गेली. टिंग.

चांगला फोम दाबला की परत वर येतो, पावाचंही तसंच पाहिजे. माझा दाबला तर माझंच बोट वाकलं. वरून पाटा आणि आतून डिंक. पण हुकूम तो हुकूम. ‘आण’ म्हणाल्या होत्या. कुठे आण, ते म्हणाल्या नव्हत्या! दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर पाव कागदात गुंडाळला आणि गिरणीत गेलो.

‘त्या मावशी?’ काका म्हणाले. ‘त्यांनी कालच तर एवढं नेलं. आता ते संपल्याशिवाय कशाला येतील?’

‘कधी संपेल?’

‘मला विचारतोस? किती खातात ते त्यांच्या घरच्यांना विचार.’

‘घर कुठे त्यांचं?’

‘अरे, इथे घराचा पत्ता सांगून दळतं का कुणी?’

बसलो. गहू नाही, दळण नाही, मांडीवर पाव. शिंपी होताच, आज हरभरा घेऊन, त्याने विचारलं, ‘काय रे ते? बॅटरी?’ म्हटलं, ‘पाव.’ मग काकांनी बघायला मागितला, हातात तोलला. मी खिशातली फोम कापायची सुरी काढली आणि कसेबसे तुकडे केले. काका बराच वेळ चावत राहिले. इतका वेळ, की मधे एक दळण पूर्ण झालं. मग म्हणाले, ‘पीठ गरम होतं, तसंच भिजवलंस ना?’ मी म्हटलं, ‘ताजं म्हणून.’ ते इतके हसले की भुवयांवरचं पीठ उडालं. ‘अरे, पसरून गार करायचं आधी. चव आहे हो, गव्हाची खरी चव आहे. पण हा चावण्यापेक्षा वरून टाकून परत दळू या.’ शिंपी म्हणाला, ‘नको, मला द्या, गुडघ्याला बांधतो.’ आणि बांधतो म्हणत म्हणत त्याने तीन तुकडे खाल्ले. मीही खाल्ला. ते बोलत होते, मी खात होतो. तसा मऊ लागत होता, खरं सांगतो.

मग शिंप्याचं दळण झालं आणि तो गेला. काकांनी झाडू घेतला. मी उरलेला पाव पुन्हा कागदात गुंडाळला, बराच उरला होता, सहा ते आठ जणांचा ना तो. एकट्याचं माप कुठे मिळतं! शटर ओढता ओढता काका म्हणाले, ‘काल फार ताटकळलास रे माझ्याकडे, मला बरं नाही वाटलं. आता असं कर, पुढच्या वेळी गहू पाच किलो आण. तेवढ्याला गिरणी चालते. आल्या आल्या दळून देतो, लगेच मोकळा. कुणाची वाट बघायला नको, बाकावर बसायला नको.’ मनापासून म्हणाले हो, माझ्या भल्यासाठी. मी ‘हं’ म्हटलं.

आज सकाळी कामावर जाताना धान्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, ‘परत गहू? मग पाच किलो घेऊन टाक की. सारखं गिरणीत जाऊन बसायची कटकट नको.’

मी म्हटलं, तीच तर हवीय मला... म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने एवढंच म्हटलं, ‘एकच किलो द्या.’