चहाच्या सुट्टीतलं झेंडावंदन

...आणि वर मलाच म्हणतात, "तात्या, सुरुवात तुम्हीच केलीत!" अहो, मी कसली सुरुवात केली? तुम्हाला सांगतो, मी एवढंच म्हणालो होतो, की यंदा आपला झेंडा लावू या. बास! जेवता जेवता तोंडातून निघालं. आता इथे परक्या मुलखात आपल्या स्वातंत्र्याच्या दिवसाची सुट्टी कोण देणार? हॉटेलांच्या चादरी त्या दिवशीही मळतातच, आणि मळल्या की आमच्या धुलाईत येतातच. मी इस्त्रीवर. वाफ, चादर, घडी, पुन्हा वाफ... म्हटलं, चहाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊ, झेंडा फडकवू, राष्ट्रगीत म्हणू, खाली येऊ. चहासुद्धा निवायचा नाही!

पण आपली माणसं ऐकतात होय? आमचा वायरमन ताट बाजूला सारून उभाच राहिला. "तात्या, असं कसं? कार्यक्रम कसा कार्यक्रमासारखा पाहिजे!" आणि झाला की स्वतःच अध्यक्ष. मग मेसचा आचारी रुसला. रुसला तो असा, की आमटीत मीठच घालीना. त्याला स्वागताध्यक्ष केला, मीठ आलं. ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे मी काय नुसत्या टाळ्या पिटू?" तो झाला सूत्रसंचालक. राहिलो मी. "तात्या वयानं मोठे, दोरी त्यांनी ओढायची!"

आता खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जन्मभर झेंडावंदनाला मागच्या रांगेत उभा राहिलेला माणूस मी. घरी फोन केला. म्हातारी म्हणते, "तुम्ही? दोरी? अहो, ती तर सरपंच ओढतात!" आणि फोन ठेवल्या ठेवल्या आळीभर सांगून आली. आमच्या थोरल्या वहिनी कसल्या गप्प बसतात! म्हणाल्या, "भावोजी चादर म्हणाले असतील गं, तुला झेंडा ऐकू आला असेल." झालं! म्हातारी इरेला पेटली. "हे बघा, त्या दिवशी व्हिडिओ लावायचा. सगळी आळी बोलावलीय मी. वहिनींसमोर माझी मान खाली घालायला लावू नका!"

बघा म्हणजे! मी एवढंच म्हणालो होतो, आपला झेंडा लावू या...

मुकादमाची परवानगी काढायची होती. मुकादम इथलाच, दारातून वाकून येणारा, आणि बोलायचं म्हणजे जिवावर येतं त्याच्या. घड्याळाकडे बोट, भोंग्याकडे बोट, मशीनकडे बोट. म्हणजे त्यानं भोंगा वाजवला की ज्यानं त्यानं आपल्या जागेवर, नाहीतर पुन्हा गच्ची विसरा. रास्त आहे हो. मी मान डोलावली.

तयारी मात्र झकास. वायरमननं पाइप उभा केला, माइक जोडला. झेंड्याच्या घडीत ठेवायला फुलं कुठली आणणार? तर हॉटेलातल्या लग्नांच्या टेबलक्लॉथमध्ये पाकळ्या अडकून येतात, त्या आम्ही झटकून झटकून जमवल्या. झेंडा बांधला आचाऱ्यानं. बांधताना म्हणाला, "काळजी सोडा तात्या, वादळ आलं तरी गाठ सुटायची नाही!" तेव्हाच मला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली!

दिवस उजाडला. मी फोन कठड्यावर उभा केला. पडद्यावर नुसती तोंडंच तोंडं, मधोमध आमची म्हातारी नव्या लुगड्यात. मी दोरी धरून उभा. आणि ड्रायव्हर म्हणतो, "आता अध्यक्षांचं प्रास्ताविक!" अहो, काय ते प्रास्ताविक! "बंधूंनो आणि भगिनींनो..." बहीण एक नाही गच्चीवर! मग स्वागताध्यक्षांनी अध्यक्षांचं स्वागत केलं, अध्यक्षांनी त्यांचं. मग ड्रायव्हर म्हणाला, "मी आपला फार वेळ घेणार नाही," आणि घेतला! मी हळूच म्हणतोय, "अरे बाबांनो, दोरी..." "थांबा तात्या, आभार राहिलेत!" फोनमधून वहिनी, "का गं, भावोजी दोरीला लोंबकळलेत का?"

आणि भोंगा!

अहो, काय पळाले सगळे! अध्यक्ष पुढे, स्वागताध्यक्ष मागे, माइक तसाच चालू. मीही निघालो होतो बरं का... पण फोनमधून बारीक आवाज आला, "अहो..." एवढाच. वळलो. म्हटलं, होईल ते होईल. ओढली दोरी. गाठ घट्ट! पुन्हा ओढली. आणखी घट्ट! आचाऱ्यानं तांदळाच्या पोत्याला मारतात तशी गाठ मारलेली! वहिनीसुद्धा म्हणाल्या, "जोर लावा भावोजी!" म्हणजे बघा.

मागे वळतो तर मुकादम! गेली म्हटलं नोकरी. त्यानं माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, फोनमधल्या तोंडांकडे बघितलं. आमच्या म्हातारीनं त्याला थेट नमस्कारच घातला, "साहेब, एवढं करा हो!" त्याला काय कळलं देव जाणे. खाली गेला, ओल्या चादरी मशीनमधून ओढायचा लांब आकडा घेऊन आला, टाचा उंचावून गाठ सैल केली, बाजूला झाला आणि मला खूण केली, ओढ. ओढली... आणि फडफडला हो! पाकळ्या सगळ्या मुकादमाच्या डोक्यावर. तिकडून आळीनं राष्ट्रगीत धरलं, सूर काय विचारू नका, मुकादम टोपी काढून ताठ उभा. संपल्यावर वहिनींचा आवाज आला, "झेंडाच आहे गं."

तुम्हाला सांगतो, म्हातारी पदर तोंडाला लावून हसत होती नुसती.

खाली आलो, तर कमिटी फुरंगटलेली. "अध्यक्षांशिवाय झेंडा?" संध्याकाळी बैठक, आणि ठराव काय, तर पुढच्या वर्षी मुकादम प्रमुख पाहुणे! मी एवढंच म्हणालो होतो, आपला झेंडा... जाऊ दे. कालपासून तो न बोलणारा मुकादम माझ्या टेबलाशी येऊन खुणेनं विचारतोय, भाषण केवढं करू? एवढं? की एवढं? आणि दर वेळी दोन हातांतलं अंतर वाढतंय! अहो, त्या सभेला आवरणारा जगात एकच माणूस होता... आता भोंगा कोण वाजवणार?