म्हशीशेजारची गाडी

(लोधिवली, हमरस्त्यालगतचं गॅरेज. चिंचेच्या फांदीला साखळीनं टांगलेलं इंजिन, खाली उघड्या तोंडाची गाडी. दुपार.)

कोंडाजी : ...म्हणून सांगतो गजा मिस्त्री, माणसाला कणा, घराला आढं आणि गाडीला हा इंजिनाखालचा बीम. हा एक शाबूत असला की बाकी सगळं नश्वर.

गजा : भाऊ, बीम ह्या घमेल्यात हाय.

कोंडाजी : सगळा?

गजा : थोडा तुमच्या चपलेखाली हाय. पाय उचला.

गोदूबाई : अगं बाई, हे लोखंड होय? मला वाटलं, चहाचा चोथा टाकलाय.

कोंडाजी : तू जेवणाचा डबा ठेव आणि घरी जा. यंत्राच्या गोष्टीत नवऱ्याला टोकू नये.

गोदूबाई : जाते. म्हशीची धार काढायची हाय.

गजा : वहिनी, जरा थांबा. पावसाळ्यात गाडी कुठं ठेवता तुमी?

कोंडाजी : बंदिस्त जागेत. उघड्यावर ठेवायला मी काय सरकार आहे?

गोदूबाई : गोठ्यात.

गजा : गोठ्यात कुठं?

गोदूबाई : म्हशीच्या शेजारी. तिचं मूत वाहतं ना, त्या चरावर. पुढची चाकं चराच्या पल्याड, मागची अल्याड.

गजा : हां. म्हंजे हा बीम बरोब्बर चरावर.

कोंडाजी : त्यात काय बिघडलं? गोमूत्रानं कीड लागत नाही, असं मी वाचलंय.

गजा : कीड नाय लागली. गंज लागला. आन ते गाईचं भाऊ, म्हशीचं नाय.

गोदूबाई : मी म्हनत होते, गाडी बाहेर ठेवा. म्हैस कमावती हाय, तिला कशाला अडचण?

कोंडाजी : बाहेर ठेवायला ती काय टोपली आहे? वाटणीत आलीय मला! गजा, तुला सांगतो, आम्ही दोघं भाऊ कळंबला वेगळे झालो तेव्हा दादानं नदीकाठचं भाताचं खाचर घेतलं आणि मी ही गाडी घेतली. सगळा गाव म्हणाला, कोंडाजीनं काळ ओळखला.

गोदूबाई : गाव हसत होता.

कोंडाजी : हसत म्हणाला. म्हटलं, हमरस्त्याला जाऊन राहू. मुंबई-पुण्याची येजा, टॅक्सी चालेल.

गजा : येजा हाय की भाऊ. पण ज्यांची येजा हाय त्यांच्याकडं गाड्या हायत.

कोंडाजी : ते सोड. उद्या पुतणीचं लग्न आहे. वरात माझ्या गाडीतून निघेल असं मी दादाला चार माणसांत सांगितलंय. एकदा, गजा. एकदा ही गाडी दादाच्या दारात आपल्या इंजिनावर येऊ दे. खाचर घेणाऱ्यानं बघू दे. मग मोडली तरी मी हूं की चूं करणार नाही.

गजा : मी हयगय नाय केली. अशीच एक गाडी घाटात उलटली होती, तिचा बीम उतरवून आणलाय. ह्यो बगा. वाजवून बगा.

कोंडाजी : वा! देवळातली घंटा! मग लाव की.

गजा : लावला सकाळी. चपखल बसला.

कोंडाजी : मग काढलास कशाला?

गजा : मी नाय काढला. तोच आला खाली.

कोंडाजी : स्वतःहून?

गजा : एकटा नाय आला. बीम आवळायचा कशाला, तर गाडीच्या ह्या दोन बाजूंच्या लांब पट्ट्यांना. बोल्ट जरा पिळला, तर पट्टीचा तुकडा बोल्टाबरोबर आला. पापड मोडतो ना, तसा.

कोंडाजी : गेल्या वर्षी तूच खाली शिरून म्हणाला होतास, गाडी काळीभोर आहे, नव्यासारखी!

गजा : डांबर होतं ते. रस्त्याचं काम चाललं होतं, पिंपात उरलं होतं. म्हटलं, भाऊंच्या गाडीला मारू.

गोदूबाई : गंजावर?

गजा : गंज होता की नाय, कसं कळणार वहिनी? वर डांबर होतं ना.

कोंडाजी : बरं, ऐनाच्या लाकडाचा बीम कर. सुतार घरचाच आहे.

गजा : लाकडाचा करू, सोन्याचा करू. लावायचा कशाला? पट्टी कुठं हाय?

कोंडाजी : तारेनं बांध.

गजा : सध्या ही चिंच इंजिनाला सांभाळून हाय. चिंच कळंबला न्यायची असंल तर बगा.

गोदूबाई : जेवून घ्या आता. भात निवतोय.

कोंडाजी : थांब गं. गजा, इंजिनाशिवाय नेली तर?

गजा : आँ?

कोंडाजी : बैल जुंपून कळंबच्या देवळापर्यंत नेऊ. झाकून. देवळापासून दादाच्या दारापर्यंत उतार आहे. तिथं बैल सोडायचे. नवरा-नवरी मागं, मी पुढं. उतारावर इंजिन लागतंच कुणाला? हॉर्न वाजतो ना?

गजा : हॉर्न खणखणीत हाय.

कोंडाजी : झालं तर!

गजा : पण ब्रेकची नळी त्याच पट्टीवरनं जाते. गेली ती पण.

कोंडाजी : म्हणजे दारात थांबणार नाही?

गजा : थांबंल की. मांडव हाय ना पुढं.

गोदूबाई : पोरीला हळद लागलीय हो. तिला तरी सोडा.

कोंडाजी : मग करू काय मी? दादा वाट बघेल उद्या. सगळे पाहुणे रस्त्याकडं डोळे लावून बसतील, कोंडाजीची गाडी येतेय म्हणून. काय तोंड दाखवू?

गोदूबाई : कोण वाट बगणार नाय.

कोंडाजी : तुला काय ठाऊक?

गोदूबाई : जाऊबाई बोलली. भावजींनी वरातीला कर्जतची टॅक्सी सांगितलीय. सुपारी फुटली त्याच दिवशी.