शेपटीवर बसलेलं विमान

हॅलो?… हां, बोल ठमे.… झोपले नव्हते गं. हात रंगाने भरलेत, फोन दोन बोटांत धरलाय, म्हणून उचलायला वेळ लागला.

विमानाचा रंग.… तुझ्या बाबांचंच. ते युद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल, जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलंय ते.… नाही टाकलं. ‘टाकून दे’ म्हणाले होते इस्पितळात जाताना, माहीत आहे मला. नाही टाकलं.

ते राहू दे, आधी तिकडचं सांग. सोडलं का डॉक्टरांनी?… कागद झाले, गाडीही खाली आली. मग निघा ना.… म्हणजे काय, उठत नाहीत?… इथेच राहतो म्हणतात? अगं, ते इस्पितळ आहे, सासुरवाडी नाही पाहुणचार झोडायला.

आणि बोटांचा व्यायाम?… हात चादरीखाली. अजून?… हो, हो, कळलं. ‘घरी येऊन करू काय?’ एवढंच बोलले सकाळपासून. इकडेही तेच. काल फोनवर नुसता श्वास ऐकत बसले होते मी.

नको, मला नको देऊस त्यांना. माझ्या समजावण्याने ते कधी उठलेत का?… अगं ऐक ना. मला ठाऊक आहे ते का येत नाहीत. दार उघडलं की समोर टेबल, टेबलावर ते अर्धवट धूड. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजव्या हाताने ब्रशही धरता येत नाही, आणि रोज त्याच्यासमोर बसून जेवायचं. म्हणून म्हटलं, आपणच पुरं करून ठेवावं. आल्यावर दिसेल पूर्ण झालेलं, प्रश्न मिटला.

हो, मी. मीच केलं.… हसू नकोस. त्या रंगाच्या वासाला आयुष्यभर नाकं मुरडली, मान्य. पण बसले की नाही?

पंखांचे भाग त्यांनी जोडून ठेवलेच होते. धडाचे दोन भाग सुटे होते, ते मी चिकटवले आणि त्याला पंख बसवले. फटी बुजवल्या, कानशीने घासल्या. खालून फिकट राखाडी, वरून शेवाळी. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावायची आणि मग रंगवायचं, हे त्यांचंच बघून बघून डोक्यात बसलंय. पुढे फिरतात त्या पंख्यांच्या टोकांना पिवळा.… पिवळा संपला होता, तर तुझी ती जुनी पिवळी नेलपॉलिश लावली.… अगं, छान दिसतंय. जवळ नाही गेलं की छानच दिसतं.

काचा? काचांचं नको विचारूस. तो झटपट चिकटणारा गोंद लावला आणि पुढची काच आतून पांढरी झाली, धुकं धरल्यासारखी. बिचारा वैमानिक, हवामान खराब समजून बसलाय आत.

पण ते काहीच नाही गं. खरी पंचाईत वेगळीच आहे.… सांगते. पण बाबांना यातलं काही बोलायचं नाही.… आज सकाळी चाकं लावली. दोन पंखांखाली, एक नाकाखाली. टेबलावर ठेवलं, हात काढला, तर बसलं की खाली. शेपटीवर. पुढचं चाक हवेत, नाक वर. मागच्या पायांवर कुत्रं बसतं तसं.

पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं.… चाकं बरोबर आहेत, चारदा बघितली. शेपटीखाली खोडरबर लावला, तर तो दिसतो. पुढचं चाक चिकटपट्टीने टेबलाला चिकटवलं, तर पट्टी सुटली, वर रंगही घेऊन गेली. तोच लावत होते आता.

ठमे, मला रडू येतंय गं. त्यांच्यासाठी म्हणून केलं आणि त्यांचंच वाटोळं केलं. दरवाज्यातून बघितल्या बघितल्या कळेल त्यांना. आधीच माणूस खचलेला, त्यात हे.… हॅलो? गप्प का झालीस?

कसला स्पीकर?… ठमे. कधीपासून?

…

अहो… ऐकताय का?… सगळं ऐकलंत?

बोला. सावकाश बोला, कुठे गाडी सुटत नाहीये. म्हणजे सुटत असेल खाली, पण उभी राहील.… ना… नाकात. नाकात काय?… पुन्हा सांगा.… वजन. नाकात वजन घातलं का?

नाही घातलं. कुणी सांगितलं होतं घालायला?… खोक्यातल्या कागदावर कुठे? मी एक एक चित्र बघून केलंय, लिहिलेलं इंग्रजी कुठे वाचता येतंय मला.… चित्रातच? तिसऱ्या? थांबा, बघते.… इथे तर नाकात काहीच नाही. एक काळा ठिपका आहे फक्त.

तो ठिपका म्हणजे वजन? मला वाटलं छपाईचा डाग. खोडूनसुद्धा बघितला हो मी तो.

अहो?… अहो, काय झालं? ठमे, काय होतंय त्यांना, श्वास असा का… हसतायत?

हसतायत.

हसा. हसून घ्या पोटभर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं, फार बरं वाटलं बघा मला.… काय? आता ओरडताय? ओरडा, तेही चालेल.… नाही विचारलं तुम्हाला. टाकून दे म्हणाला होतात, आणि टाकलेल्या वस्तूवर मालकाचा हक्क राहत नाही.… नेलपॉलिश आहे, हो. निघेल.… काचही बदलता येते? मग इतका जीव का काढलात माझा?

सांगा, वजनाचं काय करायचं.… नाक कापायचं नाही? बरं.… पुढच्या चाकाच्या खोबणीत भोक.… गळाला लावतात ते शिशाचे मणी त्यातून एक एक आत सोडायचे. मग गोंद.… मणी आहेत? ती कपाटावरची पुरचुंडी होय. मी भंगारात देणार होते.

नाही. मी नाही पाडणार भोक. एवढं करून बसले, आता माझ्यात धीर नाही. मी विमान धरते, तुम्ही पाडा.… डाव्याने पाडा. आणि मणी उजव्याने सोडा.… पडतील. पडू देत, मी उचलीन. दहा पडतील, एक जाईल आत. मग तुम्ही चिडाल, मग मी चिडेन, नेहमीसारखं.

ऐका, एक खरं सांगू? मला वाटलं होतं, पूर्ण झालेलं बघून तुम्हाला बरं वाटेल. पण पूर्ण झालेल्याचं तुम्ही काय केलं असतंत? कपाटावर ठेवून पुन्हा कॉटवरच बसला असतात. बरंच झालं मला चित्र कळलं नाही ते.

…अहो?… हॅलो?

हां, ठमे. कुठे गेले?… उठले? चादर खाली टाकून?… बूट मागतायत. मग दे ना.… नाही, घालून देऊ नकोस. पुढे करू नकोस म्हटलं ना हात. बाजूला हो.

कुठल्या हाताने?… नीट बघ.… दोन्ही? बोटं वळतायत का उजव्याची?… थोडी. थोडी म्हणजे वळतायत ना.

नाडी बांधतायत?… गाडीवाला हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, त्याला सांग थांब.… हातात राहत नाही? पुन्हा धरतील.… तू रडू नकोस, त्यांना दिसेल.… झाली? कशी झाली?… सैल. वाटेत सुटेल म्हणतेस. सुटू दे गं, परत बांधतील. या तुम्ही. ठेवते.