जुन्या पाटाची मोजणी

ऐका. लाकडं पुढे सारा आणि जवळ या. मागं बसलाय त्यांनीपण या. ही गोष्ट पाठ उघडी टाकून ऐकायची नाही.

तेव्हा आपल्या बंधाऱ्यावर उखा पाटकरी होता. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, कधी तोडायचं, सगळं त्याच्या हातात. त्याची बायको झेलाबाई. नात्यानं माझी चुलती. अंगानं धिप्पाड, दोन घागरी एका हाती उचलायची. घाबरणारी बाई नव्हती हो! हे ध्यानात ठेवा.

त्या साली शेवटच्या फडातला ऊस वाळत चालला होता. तीन पाळ्या झाल्या, पाणी तिथवर पोचलंच नाही. वरचे लोक मधेच चारी फोडून घ्यायचे. पण नाव कुणाचं? उख्याचं! पंचांनी त्याला बोलावलं अन् सांगितलं, "या पाळीला पाणी नाही मिळालं, तर पाटकऱ्याची काठी खाली ठेव."

आणि नेमक्या त्याच रात्री उख्याला हिवताप चढला. दात वाजतायत, अंग उडतंय. पाणी तर सांजेलाच सुटलेलं. शेवटच्या फडाचं दार वेळेत उघडलं नाही तर सगळं पाणी सरळ नदीला जाणार. झेलाबाईनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, कमरेला विळा खोचला.

"मी उघडून येते," ती म्हणाली.

उखा तापातच बोलला, "झेले, लांबून जा. जुन्या पाटानं नको."

जुना पाट ठाऊक आहे ना? टेकडीच्या अंगानं सरळ गेलेला, कोरडा ठाक. बापजाद्यांनी खणला, पण त्यात पाणी कधी चढलंच नाही. मोजणीच चुकली, म्हणतात. नव्या पाटाचा बांध वळसे घेत जातो, जुना पाट अर्ध्या वेळात पोचवतो. फाट्यावर येऊन झेलाबाईनं आभाळाकडं बघितलं. चंद्र उतरायला लागलेला. वळली ना ती जुन्या पाटात!

थोडं गेली. पुढं कुणीतरी मोजतंय.

"एक... दोन... तीन..."

तिला वाटलं, जागल्या असेल, झोप येऊ नये म्हणून बडबडत असेल. जवळ गेली. बघते तर एक म्हातारा उकिडवा बसलेला. मोठं जुनं पागोटं. हातात लांब काठी, काठीला दोरी.

"बाई," म्हातारा म्हणाला, "एवढं टोक धरतेस का? एकट्याला जमत नाही गं."

आता सांगा, म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिनं धरलं.

दोरी ताणली गेली. म्हातारा मोजत पुढं. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस... थांबला.

"चुकलं," म्हणाला. "वीस झाल्याबिगर खुंटी ठोकता येत नाही. पुन्हा धर."

पुन्हा एक, पुन्हा दोन. पुन्हा एकोणीस. चुकलं!

"बाबा, मला घाई आहे," झेलाबाई म्हणाली, "माझं पाणी चाललंय." दोरी सोडायला गेली, तर मूठ उघडेना! दुसऱ्या हातानं बोटं उचकटली. उघडेनात. विळा काढून दोरीवर घातला, तर विळा दोरीतून धुरातून जावा तसा गेला.

तेव्हा म्हातारा वळला. तोंड दिसलं नाही हो. पागोट्याखाली नुसता अंधार.

"मोजणीची एक काठी म्हणजे किती?" त्यानं विचारलं.

नको बोलायला, नको बोलायला, असं तिच्या मनात. पण तोंडच बोललं, "पाच हात, पाच मुठी."

"कुणाचे हात?"

ती मूठ ओढत राहिली.

"माझ्या हातानं मोजला पाट. पाणी चढलं नाही. गाव म्हणालं, हात आखूड आहे याचा." त्यानं बाही वर केली. कोपराखाली काही नव्हतं. "तुझा हात लांब दिसतो, बाई."

आणि झेलाबाई खाली पडली. कुणी ढकललं नाही! तिचाच उजवा हात तिला खाली घेऊन गेला. कोपर मातीत, बोटं पुढं पसरलेली. एक. बोटं होती तिथं कोपर आलं. दोन. पुन्हा पुढं. तीन. दगड, काटे, गोखरू, काही बघत नाही हात. कातडं सोललं. आणि मोजत कोण होतं? तीच! तिच्याच तोंडानं!

कानबाई देवीचं नाव घ्यावं म्हणून तिनं तोंड उघडलं. बाहेर आलं, "सात."

उख्याला हाक मारावी म्हटलं. "आठ."

डाव्या हातानं बाभळीचं खोड धरलं. उजव्या हातानं ओढलंच पुढं, नखं खोडात राहिली. "नऊ."

मान वर केली तिनं. समोर उसाचा फड नव्हताच. जुन्या पाटाची भिंत जिथं ढासळलीय, तिथं आली होती ती. खाली नदीचा डोह. काळं पाणी. आणि डोहाच्या कडेला म्हातारा खुंटी घेऊन उभा.

चौदा. पंधरा. ती रडत होती, पण रडण्याचा आवाज नाही, नुसते आकडे. सतरा. अठरा. एकोणीस... छाती कडेवर आलेली. दात ओठाला लागले, "वी..."

तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्यावर पडलं! वेणी धरली, दुसरा पंजा तिच्या तोंडावर दाबला. ती कडकडून चावली. रक्त आलं, पण पंजा हलला नाही.

उखा होता. ताप उतरला तशी जाग आली होती त्याला. अंथरूण रिकामं बघून, ही जुन्या पाटानंच गेली असणार हे ओळखून, भिंती धरत, बांध धरत आला होता बिचारा. सगळ्या पाटात एकटीच बायको सरपटताना दिसली त्याला. म्हातारा त्याला दिसलाच नाही.

"चुकलं," असं कुणीतरी म्हणाल्याचं मात्र दोघांनी ऐकलं. आणि मग लांब, पार टेकडीकडून, "एक... दोन..."

पहाटे लोकांनी त्यांना उचलून आणलं. पाणी नदीला गेलं होतं. ऊस जळाला. पंचांनी उख्याचं काहीएक ऐकलं नाही, पाटकरीपण काढून घेतलं. पंजातलं चावल्याचं भोक पंचांना दाखवून दाखवून थकला तो. झेलाबाईचा उजवा हात वाळत गेला, पळसाच्या काटकीसारखा. घागर सोडा, तांब्या उचलवेना. मी लहानपणी विचारलं होतं तिला, "काकू, तू एवढी ताकदीची, ओरडायचं तरी!"

ती म्हणाली, "माझं काहीच माझं नव्हतं रे तिथं. जीभसुद्धा."

म्हणून सांगतो, पोरांनो. जुन्या पाटानं जाऊ नका. आपल्याला बळ आहे, विळा आहे, देवाचं नाव आहे, असं म्हणूनही जाऊ नका. पीक वाळत असलं तर वाळू द्या. पुढच्या साली पुन्हा लावता येतं.