गच्चीवर लॅपटॉप बंद पडला तेव्हा

घाबरणं म्हणजे काय असतं ना, ते मला बोरीवलीच्या एका गच्चीवर कळलं. तिथल्या सोसायटीची जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधायची होती आणि आर्किटेक्ट म्हणून आमचं ते पहिलंच मोठं काम होतं. हातात माझा नवाकोरा, वहीएवढा बारीक, महागडा लॅपटॉप. पार्टनर सोनाली दुकानातच म्हणाली होती, "अगं, याच्यावर आपलं थ्रीडी चालणार नाही. तो जाडा घे." मी म्हटलं, "क्लायंटसमोर तो डबा काढू? इम्प्रेशन नको पडायला?"

गच्चीवर चाळीसेक माणसं बसलेली. मी नव्या बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल उघडलं, ते तिसऱ्या मजल्यापर्यंत फिरलं आणि अडकलं. लॅपटॉप इतका तापला की हाताला चटका बसला. मग स्क्रीन काळी.

सेक्रेटरी सावंतकाका शांतपणे म्हणाले, "दिसायला झकास आहे हो. पण लोड आला की बसतो. आमची बिल्डिंगपण अशीच बांधणार काय?"

कोणीच हसलं नाही. त्यांच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा जास्त भीती होती. घरं त्यांची जाणार होती.

मी लॅपटॉप मिटला आणि कोणाकडे खडू आहे का विचारलं. एका टीचरबाईंच्या पर्समध्ये खडू निघाला. गुडघ्यांवर बसून मी गच्चीच्या लादीवरच एक अख्खा फ्लॅट खऱ्या मापाने आखला. मग सावंतकाका उठले, चपला काढून खडूच्या बेडरूममध्ये जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कपाट कुठे ठेवू, ते सांगा."