नवीचा दरवाजा वाजत नाही

अरे, आमच्या नव्या पिकअपचं काय विचारतोस! शोरूममध्ये बाबांनी मडकं घेताना मारतात तशी दरवाजावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्यो पत्रो आसा की पापड?"

सेल्समन हसला. "काका, आता सगळ्या गाड्या हलक्याच येतात."

"मगे किंमत कित्याक जड?"

पण घेतलीच. मंडपाचं सामान वाहायला गाडी तर हवीच, आणि जुनी सारखी बंद पडायची. ती आमच्याच गल्लीतल्या भाजीवाल्याला दिली. पण तिचा दरवाजा, यार! खाली धाडकन लागला की वर आई चहा टाकायची. नवीचा नुसता फुस्स करतो. पहिल्याच संध्याकाळी बाबा घरी आले, तर गॅससुद्धा पेटलेला नाही. आई म्हणाली, "तुम्ही आलात ते कळलंच नाही हो."

परवा बाबा घरातच पेपर वाचत बसले होते. खाली भाजीवाल्याने माल उतरवून जुनीचा दरवाजा धाडकन लावला. आई तडक उठली आणि चहा टाकला.

मी म्हटलं, "अगं, बाबा इथेच आहेत ना!"

बाबांनी मला हातानेच गप्प केलं. हळूच म्हणाले, "टाकांदे रे तिका. गाडी घराक इली."